पाच हजारांची सवलत सगळ्यांना नाही

चोरीच्या तक्रारीबद्दलच्या एका लेखात म्हटलंय, चोरी पाच हजारांच्या आतली असेल तर तक्रार बिनधास्त करा, पहिल्यांदा सापडलेल्याला फक्त समाजसेवेची शिक्षा होते. अर्धवट आहे हे. ती सवलत भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम ३०३ मधली, म्हणजे साध्या चोरीची, तीही पैसे परत केले तर. नोकराने मालकाकडे चोरी केली की कलम ३०६, शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

इंदूरला रामबागेत आमचं छोटं दुकान. गल्ल्यातून शंभराच्या नोटा कमी व्हायच्या. एकदा नोटांवर पेन्सिलीने टिंबं काढली, टिंबांच्या दोन नोटा कामावरच्या मुलाच्या खिशात निघाल्या. भाऊ ठाण्यात निघालाच होता. आईने अडवलं. पैसे पगारातून वळते केले, त्याला काढलं. आता समोरचा दुकानदार विचारतोय, "ठेवू का त्याला? कसा आहे?" काय सांगू?