बल्ब आधी, रोध नंतर. मग बल्बला कळतं कसं?

आज सकाळी एका ग्रुपवर ओळखीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "हल्लीच्या मुलांना साधा ओहमचा नियम समजत नाही. लक्षच नसतं कार्ट्यांचं." खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून इथे लिहितेय.

ओहमचा नियम मुलांना येतो हो: तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर (व्होल्टेज) जितक्या पटीने वाढतं, तितक्याच पटीने तिच्यातली विद्युतधारा (करंट) वाढते. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. जे येत नाही ते वेगळंच आहे, आणि ते आपण त्यांना कधी विचारतच नाही.

माझी भाची दहावीत आहे. एकसर जोडणी (एकामागोमाग एक), समांतर जोडणी, परिणामी रोध (धारेला होणारा एकूण अडथळा), सगळी गणितं बिनचूक सोडवते. परवा तिला सहज विचारलं, "एका सेलला दोन सारखे बल्ब एकसर जोडले, तर कुठला जास्त उजळेल?" क्षणभरही न थांबता म्हणाली, "पहिला. तो थोडा करंट वापरणार ना मावशी, दुसऱ्याला उरलेला मिळणार." आणि समोरच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं, की एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे सारखी असते! दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात गुण्यागोविंदाने नांदत होत्या. एक परीक्षेसाठी, एक स्वतःसाठी.

यात तिचं लक्ष कुठे कमी पडलं, सांगा बघू.

तिने सेल संपताना पाहिलेत. म्हणजे काहीतरी खर्च होतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि ते बरोबरच आहे. फक्त खर्च होते ती ऊर्जा, प्रभार (इलेक्ट्रॉन वाहून नेतात तो विद्युतभार) नाही. बल्बमध्ये जेवढे इलेक्ट्रॉन शिरतात तेवढेच बाहेर पडतात, म्हणून दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. सायकलची चेन आठवा. पायडलवर लावलेला जोर चाकापर्यंत पोचतो, पण चेनची एक कडीही कमी होत नाही, आणि सगळ्या कड्या एकदमच हलतात. हा ऊर्जा आणि धारा यांतला फरक हाच या धड्याचा गाभा आहे. त्याला आपण किती वेळ देतो? विद्युतधारेची व्याख्या, विभवांतराची व्याख्या, सूत्र, एकक, चला गणितं. विभवांतर म्हणजे नेमकं काय, हे न उमगताच मुलं त्याला भागतात आणि गुणतात.

आणि हे काही कच्च्या मुलांचंच दुखणं नाही. अमेरिकेत एमआयटीच्या पदवीदानाच्या दिवशी, पदवीचा झगा घातलेल्या तरुणांना एक सेल, एक तार आणि एक बल्ब देऊन बल्ब पेटवायला सांगितलं होतं. कित्येकांना जमलं नाही. बल्बला दोन जागी जोडावं लागतं, तळाच्या टोकाला आणि बाजूच्या धातूला, हे होल्डरमध्ये झाकलेलं असतं. आकृतीत तर बल्ब म्हणजे नुसतं एक चिन्ह. मुलाला कळणार कुठून?

पुन्हा भाचीकडे येते, कारण खरी गंमत पुढेच झाली. मी विचारलं, "बल्बच्या पुढे, म्हणजे धारा बल्बमधून गेल्यानंतरच्या जागी, रोध वाढवला तर?" ती म्हणाली, "बल्बला काही होणार नाही." मग आम्ही जोडून पाहिलं. बल्ब मंद झाला. ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "पण मावशी, धारा तर आधी बल्बमधून जाते. पुढे काय आहे ते बल्बला कळतं कसं?"

काय सुंदर प्रश्न आहे हा! मला अक्षरशः भरून आलं. या प्रश्नावर अख्खे दोन तास शिकवता येतील. परिपथ (सर्किट) हा पूर्णच्या पूर्ण एकत्र वागतो, कुठेही काही बदललं की सगळीकडची धारा बदलते, हे या एका प्रश्नातून उलगडतं. शिवाय त्याला जोडूनच दुसरं कोडं येतं. एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेतून 1 अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला 0.07 मिलिमीटर सरकतात. एक मीटर जायला जवळपास चार तास! मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? कारण इलेक्ट्रॉन सेलमधून निघून बल्बपर्यंत यायचे नसतातच. ते तारभर आधीपासून असतात, आणि विद्युतक्षेत्राचा बदल जवळपास प्रकाशाच्या वेगाने सगळ्यांपर्यंत पोचतो. हे ऐकल्यावर मुलांचे डोळे बघा एकदा. पण वर्गात कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "ते आपल्याला नाही."

मान्य आहे, शिक्षकांपुढे अभ्यासक्रम संपवण्याची घाई असते, वर्ग मोठे असतात. सूत्र पाठ लागतं, तेही नाकारत नाही. पण ज्या प्रश्नपत्रिकेत "कुठला बल्ब जास्त उजळेल आणि का" हे कधी येतच नाही, तिच्यातले मार्क बघून मुलाला विषय समजला असं म्हणायचं, आणि पुढे अडला की म्हणायचं लक्ष नव्हतं! संताप येतो मला. ओहमने आपलं काम 1827 मध्ये छापलं, तेव्हा त्याच्या देशातल्या, जर्मनीतल्या, जाणत्यांनीही त्याला थंडाच प्रतिसाद दिला. लंडनच्या रॉयल सोसायटीचं मानाचं कॉप्ले पदक मिळालं ते थेट 1841 मध्ये. मोठमोठ्यांना पचायला इतकी वर्षं लागली, आणि पोरांनी ते एका तासात पचवायचं?

माझ्या यादीत शिक्षक मैत्रिणी बऱ्याच आहेत, त्यांना कळकळीने सांगते. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी एकदा मुलांकडून अंदाज लिहून घ्या, कारणासकट, आणि मगच जोडणी करू द्या. सारखे म्हणून आणलेले दोन बल्ब थोडे वेगळे निघतात, आणि एखादा म्हणेल, "बघा, पहिलाच जास्त उजळला!" तेव्हा त्याला गप्प करू नका. बल्बांची अदलाबदल करू द्या, सेल उलटा लावू द्या. तेजस्वी बल्ब कुठेही लावला तरी तेजस्वीच राहतो, हे त्याचं त्यालाच दिसेल. दीड व्होल्टचे साधे सेल पुरतात. भिंतीतल्या सॉकेटला मात्र कुणी हात लावायचा नाही, हे सुरुवातीलाच बजावा.