‘नदाफ’ हा शब्द नादातून आलेला नाही

सोलापुरात सध्या फिरत असलेल्या एका संदेशात ‘नदाफ’ या आडनावाविषयी तीन विधाने आहेत: हा शब्द संस्कृत ‘नाद’ वरून आला, कारण कापूस पिंजताना धनुकलीच्या (पिंजण्याच्या धनुष्याच्या) तातेचा, म्हणजे ताणलेल्या दोरीचा, नाद होतो, तो येथील गिरण्यांत जन्मला, आणि नदाफ म्हणजे मूळचे विणकर.

पहिले विधान ऐकायला गोड आहे, आणि दारात गादी पिंजताना तातेचा टणत्कार ज्यांनी ऐकला आहे त्यांना ते चटकन पटेलही. परंतु ‘नाद’ला पुढचा ‘आफ’ कोठून चिकटला, याविषयी संदेश गप्प आहे. अरबीत ‘नदफ’ म्हणजे कापूस पिंजणे आणि तोच ज्याचा धंदा, तो ‘नद्दाफ’. धातूचे मधले व्यंजन दुप्पट करून त्याला ‘आ’ जोडायचा, ही धंद्याची नावे घडवण्याची अरबीची नेहमीची रीत असून तिचे नमुने आपल्या बाजारपेठेत रोज कानी पडतात: ओझे वाहणारा हम्माल, नाणी पारखणारा सर्राफ, सौदा जुळवणारा दल्लाल, कापड विकणारा बज्जाज. मराठी तोंडात ही द्वित्ते सैल होऊन हमाल, सराफ, दलाल, बजाज झाले, तसाच नद्दाफचा नदाफ झाला. इ. स. ९२२ मध्ये बगदादला देहदंड झालेले सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावातील ‘हल्लाज’ही याच घडणीचा आणि कापसाच्याच धंद्याचा शब्द आहे. संस्कृत मूळच हवे असेल, तर ते याच व्यवसायाच्या दुसऱ्या नावात, ‘पिंजारी’त शोधावे, कापूस मोकळा करण्याच्या धनुष्याला संस्कृतात ‘पिंजन’ म्हणतात.

दुसऱ्या विधानासाठी फार शब्द खर्चण्याची गरज नाही. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. अरबी-फारसी शब्द या मुलखात निजामशाही-आदिलशाहीच्या काळापासून नांदत आहेत. गिरणीने उलट पिंजणाऱ्याचा हात काढून ते काम कार्डिंग खात्यातील यंत्राकडे सोपवले.

तिसऱ्या विधानात धंद्यांचीच सरमिसळ आहे. सरकी काढलेला कापूस पिंजारी मोकळा करतो, त्याचे पेळू (सूत कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या लांबट वळ्या) होतात, पेळूंचे सूत कातले जाते आणि सूत मागावर चढल्यानंतरच साळी, कोष्टी किंवा पद्मशाली विणकराचे काम सुरू होते. नदाफाचा कापूस सुताकडे गेला नाही, तर थेट गादीत किंवा रजईत जातो. तेथे माग लागतच नाही.