ग्रँट डफशी भांडायचं तर खऱ्या मुद्द्यावर

शिवजयंती जवळ आली की साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: जेम्स ग्रँट डफ हा कंपनीचा शिपाईगडी, त्याला इतिहासातलं काय कळणार? त्याने सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून काढलं, सातारचं दफ्तर म्हणजे जुने कागद वापरून झाल्यावर जाळून टाकलं आणि शिवाजी महाराजांची बदनामी करणारा इतिहास लिहिला.

यातला बदनामीचा मुद्दा तेवढा खरा आहे. बाकीच्या भाकडकथांमुळे तोच मागे पडतो.

पदच्युतीचं आधी. डफ कंपनीचा प्रतिनिधी म्हणून साताऱ्याला आला १८१८ मध्ये. १८२२ मध्ये त्याने कारभार महाराजांच्या हाती सोपवला आणि तब्येत ढासळल्यामुळे १८२३ मध्ये तो स्कॉटलंडला परतला. महाराजांना पदच्युत केलं १८३९ मध्ये. तेव्हा इथे रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, होता ओव्हान्स आणि मुंबईला गव्हर्नर होता कारनॅक. महाराजांचे वकील रंगो बापूजी ज्या अन्यायाविरुद्ध लंडनमध्ये वर्षानुवर्षं झगडले, त्याचे धनी हे लोक. डफचं नाव पुढे केलं की ते अलगद सुटतात, आणि सातारकरांनीच त्यांना सोडावं याची मला चीड येते.

शिपाईगडी म्हणाल तर तो होताच. १८०५ मध्ये कॅडेट म्हणून भरती झाला, काठियावाडात मालियाच्या गढीवरच्या हल्ल्यात लढला. पण पलटणीत तो फारसीचा दुभाषाही होता आणि पुढे पुण्यात कंपनीचा बडा अधिकारी एल्फिन्स्टन याच्या हाताखाली मदतनीस. अशा माणसाचा दिवस कागदांतच जातो. त्याचा मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला, तो या कागदांच्या जोरावर.

आता जाळपोळ. कागदांचा कुठला रुमाल (गठ्ठा), कोणत्या साली, कोणासमोर जाळला, यातलं काहीच त्या मजकुरात नाही. उलट डफच्या पुस्तकातल्या तळटीपा उघडून पाहा. अमुक कागदाची नक्कल मी मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवली आहे, असं तो स्वतःच नोंदवतो. पुरावा नष्ट करायला निघालेला माणूस नकला करून दुसऱ्याच्या ताब्यात कशाला देईल? त्या नकला पुढे गहाळ झाल्या असं कोणी म्हणालं, तरी नक्कल हरवणं वेगळं आणि अस्सल जाळणं वेगळं. पुण्याचं पेशवे दफ्तर तर आजही उभं आहे. त्यातूनच इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर पंचेचाळीस खंड काढले.

राहिली बदनामी. इथे डफला सोडायचं कारण नाही. अफझलखानाचा वध त्याने विश्वासघाताने केलेला खून म्हणून रंगवला. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीत वाळल्या गवताला लागलेल्या वणव्यासारखा वाटला, म्हणजे विचार ना योजना, नुसता भडका. जिंकणाऱ्याची ही नजर आहे आणि ती पुस्तकभर जाणवते. तिला पहिलं सणसणीत उत्तर दिलं नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी, १८६७ च्या सुमारास, ऐन विशीत. त्यांनी डफचीच विधानं एकेक करून तपासायला घेतली. पुढे १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी वणव्याची कल्पना खोडून काढली आणि संतांनी केलेली मशागत दाखवून दिली. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या कागदांत आयुष्यभर गाडून घेऊन बसले. अमक्याने जाळलं म्हणून हातावर हात ठेवून ही माणसं थांबली नाहीत.

प्रतापगडाच्या प्रकरणात तर खुद्द इंग्रजांचाच कागद डफच्या विरुद्ध जातो. वधानंतर महिन्याभराने, डिसेंबर १६५९ मध्ये, राजापूरच्या वखारीतून रेव्हिंग्टनने एक पत्र लिहिलं. शत्रूशी मैत्रीचं सोंग कर, असा सल्ला विजापूरच्या राणीने खानाला दिला होता, असं त्यात आहे. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी याच पत्राचा आधार घेतला. खानाच्या मनात आधीपासून दगा होता, हे त्यातून दिसतं. पुढच्या वेळी तो मजकूर ग्रुपवर आला, तर खाली हे पत्र टाका.