फाईल आली का?

नितीन बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या पाळीवर टेकला की पहिला प्रश्न ठरलेला, "फाईल आली का?" लोक तब्येत विचारतात, आम्ही नितीनला फाईल विचारतो. भावाने न्यू जर्सीहून २००८ साली एफ-फोर, म्हणजे भावंडाला अमेरिकेत कायमचं बोलावून घ्यायची फाईल, टाकली, तेव्हापासून.

"रांग अजून २००६ च्या आसपासच घुटमळतेय," नितीन म्हणाला.

पराग लगेच सरसावला. पराग आमचा बिनपैशाचा कन्सल्टंट. स्वतः अहमदाबादच्या विमानतळापुढे गेलेला नाही, पण अलकापुरीतल्या झाडून सगळ्या व्हिसावाल्यांच्या एसीत बसून आलाय. "समजून घे ने! भावंडांचा कोटा वर्षाला ६५ हजार. त्यात एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाही, मग भारत असो की लक्झेंबर्ग. सिस्टिम छे, भाई."

"लक्झेंबर्गात भाऊ असतात किती रे?" सुधाकाकू. खंडेराव मार्केटातून मेथी घेऊन 'दोन मिनिटं' थांबल्या होत्या, अर्धा तास झाला.

"आणि तुझी मुलगी, तेजू?" मी विचारलं. फाईल टाकली तेव्हा ती तिसरीत होती.

"बाद. मूल २१ च्या आतलं आणि अविवाहित पाहिजे. हां, अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला, तितका वयातून वजा होतो. तेव्हा टेक्निकली..."

"टेक्निकली तिचं लग्न झालं," नितीन म्हणाला. "जेवलास तू. श्रीखंड तीनदा घेतलंस."

पराग गडबडला, पण थांबेल तर तो पराग कसला. गाडी महेशच्या भाच्याकडे वळली. तो इंग्लंडात लेस्टरला, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये, बायको आणि पोरगी इथे मांजलपूरला. ११ मार्च २०२४ पासून पुढे गेलेल्या केअर वर्करला कुटुंब नेता येत नाही, आणि हा गेला नेमका त्यानंतर.

"सोपंय," पराग म्हणाला. "वरच्या दर्जाची नोकरी धरायची. पगार फक्त वर्षाला ४१,७०० पौंड लागतो."

"फक्त!" महेश म्हणाला. तेवढंच. तो फार बोलत नाही.

सुधाकाकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायला या, तुमची पोर मात्र घरी ठेवून या. यांना हात पाहिजेत, त्या हातांना बिलगणारं कुणी नको."

यावर परागकडे कुठलाच फॉर्म नव्हता. म्हणून त्याने इतिहास काढला. "त्यांचा देश, त्यांचे नियम. आपले पूर्वज गायकवाडांबरोबर गुजरातेत आले, ते कुठल्या व्हिसावर?"

"घोड्यावर," नितीन.

"आणि पोरंबाळं मागाहून आली. पगाराची अट नव्हती," काकू म्हणाल्या. "पण नियमांचंच बोलायचं तर आपलं बोल. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला धाडलं. अट काय, तर परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी. तो माणूस आला की शब्द पाळून. इतक्या मोठ्या बडोद्यात त्याला स्वतःच्या नावावर कुणी खोली दिली नाही. कमाटीबागेत झाडाखाली बसून रडला. रेसिडेन्सीच्या गप्पा आपण जरा जपूनच माराव्या."

थोडा वेळ नुसती वाहनांची पों-पों ऐकू येत होती.

"सेवउसळ मागवू?" परागने विचारलं. त्याचं हे एक बरं आहे.

तरी (सेवउसळीवरची) ओतता ओतता नितीन हळूच म्हणाला, "दादाचा काल फोन होता. रिटायर होतोय. दांडिया बाजारात फ्लॅट बघ म्हणाला, लिफ्टवाला. ओसीआय कार्ड काढलंय. जन्मभराचा व्हिसा, शेतजमीन तेवढी घेता येत नाही."

आधी कुणाला कळेना. मग महेश फिस्सकन हसला आणि सेव त्याच्या नाकात गेली.

"म्हणजे तू तिकडे पोचशील तेव्हा तो इथे?" मी म्हणालो.

"त्याने माझी फाईल टाकावी, मी त्याचा फ्लॅट बघावा!"

"ब्रोकरेजचं मी बघतो," पराग उत्साहाने म्हणाला. "घरचं काम आहे, पैसे द्यायचे नाहीत."

"तू? १९९१ साली माझी लुना नेलीस दोन तासांसाठी. तीन दिवसांनी आणलीस, तीही ढकलत."

"पेट्रोल संपलं होतं!"

"टाकी भरून दिली होती, परग्या!"

"मायलेजची सिस्टिम..." परागने सुरुवात केली, आणि सुधाकाकू मेथी तिथेच विसरून हसत निघून गेल्या.