सासूबाईंचा तह

आज मंगळवार. शनिवारपासून माझ्या डाव्या पायाची करंगळी बधिर आहे आणि घरात कुणालाही त्याचं काही वाटलेलं नाही. घरात चर्चा आहे ती डोक्याची. माझ्या नव्हे, माशाच्या.

थोडक्यात सांगतो. मी सिएटलजवळ राहतो. हिवाळ्यात शनिवारी पहाटे चारला उठून तासभर गाडी हाकत स्कायकोमिश नदीवर जातो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि स्टीलहेड नावाच्या माशाला गळावर बांधलेला पिसांचा गोंडा दाखवतो. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. मासा लागलाच तर मी त्याला सोडून देतो. ‘लागलाच तर’ हे शब्द माझे नाहीत, बायकोचे आहेत. तीन हिवाळ्यांत एक लागला होता, त्याचा फोटोही आहे, पण त्यात माझा अंगठाच जास्त आला आहे.

बायको मालवणची. मी कऱ्हाडचा. तिच्या माहेरी पापलेटाचं वय त्याच्या डोळ्यांवरून सांगतात. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेतली मरळ नाहीतर वाम, तीही पाव्हणे आले तर. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी सासुरवाडीत मोठ्या अभिमानाने मरळीचं नाव काढलं, तेव्हा सासूबाईंनी नाकाला पदर लावला होता. “गोड्या पाण्यातलो? नको गे बाय.” तो पदर अजून खाली आलेला नाही.

यंदा त्या सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. शनिवारी बायको लेकीला घेऊन कुठल्याशा स्पर्धेला गेली आणि सासूबाई म्हणाल्या, मीही येते तुमच्याबरोबर, नदी तरी बघीन. वाटेत त्यांना मी खेळ समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “धरतास नि सोडतास? मगे धरतास कित्याक?”

या प्रश्नाला उत्तर नाही. मी तीन वर्षं शोधतोय.

खरं तर सोडण्याआधीचा भागच जास्त अवघड आहे. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. एकाच आईची पोरं म्हणा. एक नदीतच राहतो, किडे खातो, सुखात असतो. दुसरा समुद्रात निघून जातो, दोन-तीन वर्षांनी चांदीसारखा चकाकत, चौपट मोठा होऊन परत येतो आणि गावात कुणाशी धड बोलत नाही. (असे लोक आपल्याही ओळखीत आहेत. मी त्यातलाच.) समुद्रातून नदीत शिरला की तो फारसं खातच नाही. म्हणजे आपण करतो काय, तर उपास धरलेल्या माणसाच्या तोंडापुढे साबुदाणावडा नाचवायचा, आणि तोही खरा वडा नाही, पिसं आणि चमकी बांधून केलेला. तो भुकेने तोंड घालत नाही, वैतागून घालतो. वैतागायला त्याला वेळ लागतो. इथले जाणते लोक याला हजार फेकींचा मासा म्हणतात. मी हिशेब ठेवायचं सोडून दिलं आहे.

त्यात थंडी. शनिवारी सकाळी उणे दोन होतं. अशा हवेत काठीवरच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो आणि दोरी अडकते, मग दर पाच फेकींना काठी पाण्यात बुडवून कडी मोकळी करायची. काही जण कड्यांना ओठांचं मलम लावतात. मीही लावतो. माझे ओठ फुटलेले असतात, कडी मात्र तुळतुळीत. काठी तेरा फुटी, दोन हातांनी धरायची. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरून तिला स्पे रॉड म्हणतात. तिची किंमत बायकोला मी अर्धी सांगितली आहे. आणि ते छातीपर्यंतचे रबरी विजारबूट, वेडर्स, त्यांना पहिल्याच मोसमात गुडघ्यापाशी भोक पडलं. दुकानदार म्हणाला, दगडावर गुडघा टेकला असेल. अरे बाबा, नदीत दगडावर नाही तर कशावर टेकणार?

तर मी पाण्यात शिरलो. पाणी जेमतेम चार अंश. पंचेचाळीसच्या कोनात फेक, गोंडा प्रवाहाबरोबर कमानीसारखा फिरू दे, काठाला लागला की दोन पावलं खाली, पुन्हा फेक. वारीतल्या रिंगणासारखं, फक्त विठ्ठल भेटत नाही.

सासूबाई काठावर. पाचवारी साडी, आत थर्मल, वर माझं जुनं स्कीचं जाकीट, पायात लेकीचे बर्फातले बूट, डोक्याला कानटोपी. हातात पिशवी. त्यांना बसायला मी एक बरासा ओंडका बघून दिला होता. मागे वळून पाहिलं तेव्हा त्या ओंडक्यावर नव्हत्या. वीस पावलांवर एक म्हातारा बसला होता, त्याच्या दुसऱ्या घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

हा म्हातारा म्हणजे आम्हा पिसंवाल्यांच्या लेखी अगदीच खालच्या पायरीचा. याला प्लंकिंग म्हणतात. वजन बांधून आमिष तळाशी सोडायचं, काठी वाळूत रोवलेल्या नळीत उभी करायची, टोकाला देवघरातल्या घंटीएवढी घंटी बांधायची आणि खुर्चीत बसून कॉफी प्यायची. मासा लागला की घंटी वाजते. वेडर्स नाहीत, कोन नाही, साधना नाही. याला खेळ कसं म्हणायचं?

नदीच्या आवाजात मला तुकडे ऐकू येत होते. तो इंग्रजीत बोलत होता, त्या मालवणीत. दोघंही मधेमधे हसत होते. काय कळत होतं त्यांना एकमेकांचं, देव जाणे, पण मी वळून पाहिलं की बरोबर तेव्हाच दोघं माझ्याकडे बघत असायचे.

त्याने डबा उघडला. आत मीठ लावून मुरवलेली, भडक गुलाबी रंगाने रंगवलेली कोलंबी. आमिष. सासूबाईंचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला असावा.

“अगो बाय! एवढी बरी सुंगटा! माशाक?”

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि एक गळाला लावली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग स्वतःला सावरून पिशवीतनं मालवणी खाजं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. बहुतेक याच हेतूने, की बाबा, तुझ्याकडे खायचं काय आणि गळाला लावायचं काय हे कळायची सोय नाही, तर हे खायचं असतं. त्याने एक कांडी तोंडात टाकली, आलं-गूळ लागल्यावर भुवया वर केल्या आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

असे तीन तास गेले. माझा एक गोंडा झाडात, दोन दगडात. मग म्हाताऱ्याने तोंडाभोवती हातांची ओंजळ करून हाक मारली.

“पोरा! तू माशांच्या डोक्यावर उभा आहेस!”

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. ऐकूच न आल्यासारखं केलं. लगेच सासूबाई उभ्या राहिल्या.

“जावय! थय कित्याक? मासो हय काठाक आसा!”

आणि हे खरं आहे, यातच सगळं दुःख आहे. पाणी इतकं गार असलं की मासा सुस्तावतो, मधल्या जोराच्या धारेत ताकद घालवत नाही, काठालगतच्या संथ पाण्यात पडून राहतो. गुडघाभर पाण्यात. कधी त्याहून कमी. आमच्यासारखे पैसे खर्चून आलेले लोक त्याला तुडवत मध्यापर्यंत जातात आणि तिथून लांबवर, जिथे तो नाही तिथे, अतिशय सुंदर फेक करतात. मी हे वाचलेलं आहे. दुसऱ्यांना सांगितलेलंही आहे. पण एवढे महाग वेडर्स घालून काठावर उभं राहायचं?

तेवढ्यात घंटी वाजली.

सासूबाईंचा हात सवयीने छातीशी गेला. म्हाताऱ्याने काठी उचलली. ती वाकली, फिरकी किंचाळली आणि संथ पाण्यातनं, मी सकाळी जिथून आत शिरलो होतो नेमकं तिथनं, हातभर लांबीची चांदी हवेत उडाली. माझ्या बुटांचे ठसे अजून तिथे असतील.

म्हाताऱ्याची पाठ वाकत नव्हती. त्याने जाळं सासूबाईंकडे सरकवलं. इथले लोक जाळं माशाखाली घालून अलगद उचलतात. सासूबाई रापणीच्या गावच्या, जिथे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं सगळे मिळून किनाऱ्यावर ओढतात. त्यांनी जाळं माशापुढे घातलं, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी जे ओढलं, ते मासा, जाळं, दोरी सगळं वाळूत चार फूट वर. मी मदतीला धावलो. म्हणजे धावायचा विचार केला, पहिलंच पाऊल शेवाळलेल्या गोट्यावर पडलं आणि मी कानापर्यंत आत. वेडर्सच्या तोंडातून चार अंशांचं पाणी आत शिरलं. कमरेचा पट्टा होता म्हणून थोडं वरच अडलं, बाकीचं करंगळीत गेलं. टोपी वाहत निघून गेली. उठलो. दोघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं. ते माशाची पाठ बघत होते.

पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. तो कापलेला असला तर मासा सरकारी केंद्रात वाढवून सोडलेला, घरी न्यायची मुभा. शाबूत असला तर जंगली, सोडायलाच हवा. कापलेला होता. म्हाताऱ्याने छोट्या सोट्याने एक ठोका दिला, खिशातल्या कार्डावर नोंद केली आणि पोट फाडलं. मादी. आत नारिंगी गाबोळी, म्हणजे अंडी, भरगच्च.

इथे पेच पडला. म्हाताऱ्याने बरणी काढली. सासूबाईंनी पिशवी काढली.

“ह्येका सांगा,” त्या मला म्हणाल्या. दिवसभरात पहिल्यांदा माझा काही उपयोग होता. “गाबोळी माका होयी.”

मी दात वाजवत भाषांतर केलं. म्हातारा म्हणाला, शक्य नाही, हे पुढच्या महिन्याचं आमिष आहे, याच्यासारखं आमिष दुसरं नाही. मी सांगितलं. सासूबाई माझ्याकडेच अशा बघायला लागल्या, जणू मीच गाबोळी नदीत फेकायला निघालोय.

“माशाक माशाची गाबोळी? सांगा त्येका, तळून खातत ती. रव्यात.” आणि मग हुकमी एक्का. “वढलंय मी. वाटो माझो.”

आता ‘रापणीचा वाटा’ याचं इंग्रजी काय करायचं? रापण ओढायला जो हात लावेल त्याचा वाटा, मग तो नाखवा असो की बघ्या. मी थंडीने कुडकुडत, एका हाताने कानातलं पाणी काढत, मालवणच्या किनाऱ्यावरची वाटणीची पद्धत समजावत होतो. 1782 साली सालबाईच्या तहात पेशवे आणि इंग्रज यांच्यामध्ये महादजी शिंदे उभे होते. ते निदान कोरडे असतील.

म्हाताऱ्याला पटलं. चटकन पटलं, हेच मला लागलं. ज्या माणसाला तीन तास मी मनातल्या मनात खालच्या पायरीवर बसवत होतो, त्याला रापण एका वाक्यात कळली. गाबोळीच्या दोन पेंडी असतात, देवानेच वाटणी करून ठेवलेली. एक बरणीत, एक पिशवीत. शिवाय डोकं. ते तो फेकणारच होता. “डोक्याशिवाय कढी?” असं सासूबाई म्हणाल्या, ते मी भाषांतरित केलं नाही. त्याने चिठ्ठीही लिहून दिली, नाव आणि परवान्याचा नंबर घालून. दुसऱ्याचा मासा बाळगायचा तर कागद हवा, म्हणाला. आमच्या डोक्याला कागदपत्रं आहेत.

परतीच्या वाटेवर हीटर पूर्ण चालू होता आणि सासूबाईंच्या मांडीवर डोकं होतं, कारण ते मागच्या सीटवर कलंडेल अशी त्यांना भीती. त्या गाडीत प्रसन्न होत्या. मासा गोड्या पाण्यातला खरा, पण दर्यावर जाऊन आलेला आहे, असा निवाडा त्यांनी मन्रो गाव यायच्या आत दिला. पदर खाली आला. मरळीला हा न्याय मिळाला नव्हता.

मी मात्र उगाच वाद काढला. म्हटलं, आई, या खोऱ्यातले जंगली स्टीलहेड 2007 पासून सरकारच्या धोक्यातल्या यादीत आहेत, भर मोसमात अचानक नद्या बंद करतात, म्हणून आम्ही सोडतो. आमच्या लहानपणी कोयनेच्या डोहात जे दिसायचं ते आता दिसत नाही, तसंच हे. बोलता बोलता आवाज चढला. मला नक्की कशाचा राग आला होता, माशांचा, नद्यांचा की त्या घंटीचा, ते सांगता येत नाही. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, रापणीलाही आता पूर्वीसारखं काही लागत नाही. आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुढे कुणी काही बोललं नाही.

घरी बायकोने पिशवी उघडली आणि विचारलं, “धड कुठंय?”

रात्री मालवणला व्हिडिओ कॉल. मावशी, मामा, शेजारी, सगळ्यांना गाबोळी दाखवून झाली. कुणीतरी विचारलं, जावय खंय होते? “ते?” सासूबाई म्हणाल्या, “ते पाण्यात होते.”

काल संध्याकाळी बायको सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. आईच्या नावाने परवाना काढत होती. दारात नवीन घडीची खुर्ची येऊन पडली आहे, कप ठेवायच्या खोबणीसकट. येत्या शनिवारचं ठरलंय, म्हातारा खाज्याची वाट बघतोय म्हणे. गाडी मला चालवायची आहे.

“अरे,” स्क्रीनवरून डोळे न काढता ती म्हणाली, “तुझा एकतीस मार्चला संपतोय. नवा काढायचा, की राहू दे?”