ओळखीची बँक आणि निर्धास्त एफडी

गुंतवणुकीतल्या जोखमीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच शेअर बाजाराकडे वळते. "आम्ही त्या फंदात पडत नाही, आमचे सगळे एफडीत आहे," असे सांगणाऱ्या निवृत्त मंडळींच्या स्वरातला निर्धास्तपणा मला बाजाराच्या पडझडीपेक्षा अधिक काळजीचा वाटतो. ती एफडी बहुतेकदा घराजवळच्या एकाच सहकारी बँकेत असते आणि उरलेली रक्कम पतसंस्थेत, कारण तिथे अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते आणि मॅनेजर आपल्याला नावाने ओळखतो.

सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक कर्जे एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहात अडकलेली होती. म्हणजे ज्या ठेवीदारांनी सगळी पुंजी एका बँकेत ठेवली, त्यांच्या बँकेनेही तेच केले होते, आणि हे काउंटरपलीकडच्या ठेवीदाराला दिसण्याचा काही मार्गच नव्हता. जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली; मात्र मोठ्या ठेवीदारांची पाच लाखांवरची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळेल असे ठरले. सत्तरीतल्या माणसाने अशा वेळापत्रकाचे काय करायचे?

बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तिचे तपशील मात्र फार थोडे लोक वाचतात. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जाते, त्यामुळे बरोबर पाच लाखांची एफडी केली की तिच्यावर साठत जाणारे व्याज विम्याबाहेरच राहते. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचे, बायकोच्या एकटीच्या नावावरचे आणि दोघांचे संयुक्त खाते मात्र स्वतंत्र धरले जाते. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हा विमा लागूच नाही, आणि संस्थेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवी अशी माझ्या मते ही एकच गोष्ट आहे.

शेअर बाजारात जोखीम नाही असे कोणी म्हणणार नाही. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या आसपास असलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये सव्वाआठ हजारांच्याही खाली बंद झाला होता आणि मूळ पातळीवर यायला त्याला 2010 ची दिवाळी उजाडली. ज्याला मधल्या काळात मुलीच्या शिक्षणासाठी पैसे काढावे लागले त्याचे नुकसान कायमचे झाले. ज्याला 2015 पर्यंत त्या पैशांना हात लावायचा नव्हता, त्याला ती घसरण सोसणे शक्य होते. म्हणून पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा बाजारात नसावा, एवढे पथ्य मी पाळतो. पंधरा-वीस वर्षांनी लागणारा सगळाच पैसा ठराविक व्याजात अडकवणे हेही मला तितकेच धोक्याचे वाटते. पीपीएफ या सरकारी बचत योजनेवर 1986 पासून 2000 च्या सुरुवातीपर्यंत 12 टक्के व्याज होते आणि एप्रिल 2020 पासून ते 7.1 टक्के आहे; बारा टक्के गृहीत धरून म्हातारपणाचा हिशेब मांडलेल्यांचे गणित कोणतीही बँक न बुडता कोलमडले.

पैसे दोन-तीन सक्षम बँकांत विभागून ठेवा असे सुचवले की "तिथे व्याज कमी मिळते" हे उत्तर ठरलेले असते. दहा लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला 5,000 रुपये, तेही कर भरण्यापूर्वी. दहा लाखांच्या काळजीने झोप उडवून घ्यायला हा मोबदला मला फारच कमी वाटतो.