काठ सपाट करायला नदी म्हणजे लग्नाचा मंडप नाही

आज सकाळी धुळ्यात देवपूरच्या बाजूने पांझरा नदीच्या काठावर जेसीबी फिरला. लव्हाळी गेली, पाणकणीस गेलं, कमरेच्या वर आलेली करंजं मुळासकट गेली. मे महिना आहे, टिटव्यांची अंडी उघड्या खडीवर आहेत. ती बसल्या जागेवरून चालकाला दिसणार कुठून? टिटवी वर ओरडत होती, खाली मी. "ताई, सुशोभीकरण आहे, वरून सांगितलंय," एवढंच उत्तर मिळालं. तो पोरगा रोजंदारीवरचा, त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांना नदीकाठी हिरवं दिसलं की कचराच दिसतो, त्यांच्यावर आहे.

त्या करंजांना पाणी कोणी घातलं होतं, ठाऊक आहे? आमच्या गल्लीतल्या आप्पांनी. मिलमधून निवृत्त झालेला माणूस. सायकलला दोन्हीकडे कॅन अडकवून पहाटे निघायचे, कारण धुळ्यात मे महिन्यात आठ वाजल्यानंतर घातलेलं पाणी रोपाला कमी आणि उन्हाला जास्त मिळतं. बुंध्याभोवती आळं करायचं, वर पाचोळा पसरायचा, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून काटे लावायचे. आम्ही पोरं-बाया पहिल्यांदा विळे घेऊन काठ साफ करायला गेलो, तेव्हा गवताला हात लावायच्या आधीच त्यांनी थांबवलं. "हाई गवत उपटू नका, हाईच माती धरी ठेवस. पूर ई तवय समजी."

आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला की पूर. अक्कलपाडा धरणातून पाणी सुटलं, शहरातले पूल पाण्याखाली गेले, सगळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरल्यावर आप्पा मला काठाने घेऊन गेले. जिथे भराव टाकून छान सपाट केलं होतं, तिथली माती पार खरवडून गेलेली. जिथे लव्हाळी होती, तिथे ती चिखलात आडवी पडलेली, पण काठ जागेवर. आप्पा एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवत गेले. मला अजून कुठला पुरावा हवा?

तोडायचंच आहे ना, मग विलायती बाभूळ तोडा! ती मात्र कोणी तोडत नाही, कारण तिला अंगमेहनत लागते. वरून छाटली की चार फांद्या जास्त घेऊन उठते. जमिनीखाली वीतभर खणून बुडखा काढावा लागतो, तोही शेंगा पिकण्याआधी. नाहीतर शेळ्या शेंगा खातात आणि लेंडीतून बी सगळ्या काठावर पेरतात. आप्पांनी टिकाव घेऊन आम्हाला हेच शिकवलं. यंत्राला बाभूळ आणि करंज यांतला फरक कळत नाही, माणसाला कळतो.

आता म्हणे तिथे पेव्हर ब्लॉक आणि रॉयल पाम येणार. खान्देशच्या उन्हात पाम! ना सावली, ना पाखराला फळ. काठाला दगड बसवून पिचिंग केलं की खंड्या पक्ष्याने बीळ कुठे करायचं? त्याला मातीचा उभा काठ लागतो. इथे उंबर, करंज, वाळुंज आपणहून येतात, पुरात चार दिवस पाय बुडाले तरी मरत नाहीत. फुकट मिळतंय ते उपटायचं आणि पैसे मोजून परकं आणायचं.

हो, झाडी फार दाटली तर संध्याकाळी बायकांना तिथून जायची भीती वाटते. मलाही वाटते. मग वाट मोकळी ठेवा, दिवे लावा. डासही होतात, पण ते लव्हाळ्याने नाही, नदीत सोडलेल्या गटारांच्या साचलेल्या पाण्याने. जलपर्णी तरी कशावर माजते? त्याच मैल्यावर. गटार तसंच सोडून फक्त काठ खरवडायचा, म्हणजे फोटोपुरती नदी.

आणि फोटो म्हटलं की ५ जून, पर्यावरण दिन, आलाच. पाऊस अजून कोकणातून वर सरकलेला नसतो, जमीन तव्यासारखी असते, आणि तेव्हा आपण खड्डे खणून रोपं लावतो, पाटीसह. पुढचे तीन उन्हाळे त्या रोपाला जगवायला एका माणसाचा पगार मंजूर करा म्हटलं की पैसे नसतात. जेसीबीच्या भाड्याला असतात.

याच पांझरेवर आपल्या पूर्वजांनी बंधारे बांधून फड चालवले, म्हणजे शेतांचे गट करून पाटाचं पाणी वाटून घेतलं. कोणाच्या फडाला कधी पाणी, पाटाचा गाळ कोणी काढायचा, हे गावाने ठरवायचं, त्यासाठी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, नेमलेला असायचा. म्हणजे नदीची रोजची राखण हे पगाराचं, मानाचं काम होतं. मग शहरातल्या काठाला एक माणूस का नसावा? निळी पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, नकाशावर आखतात. त्या रेषेच्या आत यंत्र घालायचं नाही, एवढं तरी पाळा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. आता वाईट वाटतंय. आप्पांचे गुडघे गेलेत, ते काठावर येऊ शकत नाहीत. रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारतात, "करंजं कितली व्हयनीत?" आज मी मागच्या दाराने घरात आले. उद्या सांगावंच लागेल.

मोठ्या पुलाच्या खालच्या अंगाला अजून एक पट्टा शिल्लक आहे, करंज-उंबराचा. तिकडे यंत्र जाण्याआधी लेखी हरकत द्यायची आहे, सही करायला तयार असाल तर इनबॉक्समध्ये नाव टाका. रविवारी सकाळी सहा वाजता तिथेच बाभळीचे बुडखे काढायला जमतोय. टिकाव, कुदळ, जाड हातमोजे आणा. रोपं कृपया आणू नका, आहेत ती जगवायची आहेत.